दीड रकान्याचा ‘अप’

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. प्रामाणिकपणाचे पाच-सहा प्रतिशब्द पोटात बाळगून मी तुमच्याशी खोटं बोललो, तर त्यांना काय वाटेल?

मित्रांनो, माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या खिळ्यांनी माझ्या अंगावर मुंगीएवढी अक्षरं उमटवली. एका बाईंडरानं माझी पानं दोऱ्यानं शिवून वर तांबडा कापडी पुठ्ठा चढवला. मग मी नांदेडच्या एका पुस्तकांच्या दुकानात आलो. तिथे माझ्या शेजारी कादंबऱ्या होत्या. बारीक अंगाच्या, रंगीत चेहऱ्याच्या. लोक येत, त्यांना हातात घेत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, “केवढा जाड!” मी जळायला शिकलो तो तिथेच.

एके दिवशी आनंदराज गुरुजी आले. कंधार तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर इंग्रजी शिकवायला त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी कादंबऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला दोन्ही हातांनी उचललं आणि एसटीत गावापर्यंत मांडीवर बसवून नेलं. तेव्हा खिडकीतून मागे पडणाऱ्या त्या दुकानाकडे मी कोणत्या नजरेनं पाहिलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

गावात मला फार मान होता. पोरं हात धुऊन मला शिवत. औषधाच्या बाटलीवरचा कागद, फौजेतून आलेलं पत्र, पंपाच्या खोक्यातलं पुस्तक, सगळं माझ्यापुढे येई. ग्यानोबा नावाच्या शेतकऱ्यानं एकदा लातूरहून टीव्ही आणला. खोका अंगणात ठेवला आणि तो धावत गुरुजींकडे आला.

“गुरुजी, खोक्यावरचा बाण खाली दावून राहिलाय. टीव्ही जमिनीत पुरायचा हाय का काय?”

गुरुजींना उत्तर ठाऊक होतं. तरी त्यांनी मला उघडलं, बोट फिरवलं आणि मग सांगितलं, “ग्यानोबा, ‘धिस साइड अप’ म्हणजे ही बाजू वर. बाण बरोबर आहे, खोका उलटा आहे.” ग्यानोबा मला नमस्कार करून गेला. टीव्ही लातूरपासून डोक्यावर उभा राहून आला होता, तरी पुढे पुष्कळ वर्षं चालला.

तो ‘अप’ माझा खास लाडका. दोनच अक्षरांचा शब्द, पण माझ्या पोटात त्यानं दीड रकाना जागा अडवली आहे. अप म्हणजे वर, एवढं कोणीही सांगेल. पण ‘स्टँड अप’मध्ये माणूस उठून उभा राहतो आणि ‘गिव्ह अप’मध्ये हात टेकून खाली बसतो, तरी दोन्हीकडे अपच! ‘स्पीक अप’ म्हणजे मोठ्यानं बोल. ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली. ‘ईट अप’ म्हणजे वर बसून खाणं नव्हे, तर पूर्णपणे खाणं. गुरुजी हे वर्गात सांगत तेव्हा पोरांचे डोळे मोठे होत आणि माझा पुठ्ठा अभिमानानं ताठ होई. भिंतीवरच्या नकाशाकडे मुलं वळली, की मात्र मला खपत नसे. टेबलावरचा पृथ्वीगोल तर माझ्या डोळ्यांत खुपायचा. त्याला काही अर्थ नाही, नुसता फिरतो.

पुढे गुरुजी निवृत्त झाले, आणि चार वर्षांपूर्वी गेलेच. घरी राहिल्या त्यांच्या पत्नी सरजाबाई आणि मुलगी धम्मप्रिया. सरजाबाईंना अक्षरओळख नाही. गुरुजींनी सबंध गाव शिकवलं, पण घरातलं शिकवणं ‘उद्या करू’ म्हणत राहून गेलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. निदान घरातलं एक माणूस तरी माझ्याहून कमी जाणणारं होतं.

धम्मप्रियाकडे मोबाइल होता. तिला शब्द अडला की ती त्याला विचारी. तो बोलूनही दाखवायचा! माझ्या अंगाचा तिळपापड होई. उन्हाळ्यात टेबलफॅनची हवा माणसांच्या पायांवर येऊ लागली, म्हणून फॅन थोडा वर उचलायला त्याच्याखाली मला ठेवलं. दीड रकाना अप पोटात घेऊन मी आता दुसऱ्याला वर करत होतो. फॅन घरघरायचा आणि माझी पानं आतल्या आत थरथरायची.

धम्मप्रिया बीएड झाली होती. नोकरीसाठी तीन मुलाखती देऊन झाल्या होत्या. चौथी नांदेडच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत होती. “हीबी गेली तर कंधारात कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. पण मग पुन्हा शिकवायचं नाव काढायचं नाही,” असं तिनं आईला बजावलं होतं. ती जे बोलते ते करते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी ती दुपारी परत आली, ती पाय आपटतच. सरजाबाई सूप घेऊन तूर पाखडत होत्या.

“काय झालं गं धम्मे?”

“हसले सगळे. मॅडमनं इंग्रजीत विचारलं, गाव लांब आहे, रोज कसं जमवणार? मी म्हणलं, ‘आय विल डू अप-डाऊन.’ एक सर तर टेबलावर हात मारून हसले. म्हणे, असं इंग्रजी नसतंच.”

“त्यात हसण्यासारखं काय हाय?” सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं. “तलाठी अप-डाऊन करतो, नर्सबाई अप-डाऊन करती. आपल्याकडं समदेच करतेत की.”

“तेच तर माय! मला वाटलं ते इंग्रजीच आहे.”

मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, “हे कोणत्या शब्दकोशात आहे ते बघून या. शनिवारी सहावीच्या वर्गावर वीस मिनिटांचा पाठ घ्या. विषय ‘अप’. मग ठरवू.”

कोश! मित्रांनो, तो शब्द कानावर पडला आणि माझ्या पाठीचे दोरे ताणले गेले. धम्मप्रियानं फॅन बाजूला ठेवला, मला उचललं आणि दीड रकाना उघडला. किती दिवसांनी माझ्या त्या पानाला उजेड लागला! ती ‘अप-डाऊन’ शोधू लागली. माझ्याकडे ‘अप अँड डाऊन’ होतं: वर-खाली, येरझाऱ्या घालत. गावाहून रोज शहरात जाऊन संध्याकाळी परत येणं, हा अर्थ नव्हता. माझ्या नाकावर टिच्चून या लोकांनी इंग्रजीतला एक शब्द उचलून त्याला कामाला लावलं होतं आणि मला कळवलंही नव्हतं.

तरी मी म्हटलं, असू दे. बाकीचा दीड रकाना आहे ना! शनिवार माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला मांडीवर घेऊन पाठ करत बसली होती. सरजाबाईंनी दोन कप चहा आणला.

“ड्रिंक इट अप,” धम्मप्रिया आईकडे बघून म्हणाली.

“काय म्हणून राहिलीस?”

तिनं माझ्यातला अर्थ वाचला. “चहा पूर्णपणे पी.”

सरजाबाई इतक्या हसल्या, की कपातला चहा बशीत सांडला. “पूर्णपणे पी! असं कोण बोलतं बाई? पिऊन टाक म्हणावं.”

धम्मप्रिया थांबली. तिनं माझ्यावर बोट ठेवलं. “ईट अप?”

“काय ते?”

“पूर्णपणे खाणे.”

“खाऊन टाक.”

“टेअर अप. कागद फाडून त्याचे पूर्ण तुकडे करणे.”

“फाडून टाक. एवढं लांबलचक कामून बोलायचं?” सरजाबाईंनी बशीतला चहा पिऊन टाकला. “मंग तुझा अप म्हंजी आमचा टाकच हाय की गं!”

मित्रांनो, इतक्या मोठ्या छापखान्यातल्या विद्वानांनी ‘पूर्णपणे, संपूर्णतया, अखेरपर्यंत’ असे तीन-तीन शब्द माझ्यात घातले होते. तूर पाखडणाऱ्या एका बाईनं ते एका शब्दात बाजूला सारले. माझ्या पोटात जसं दुखायला लागलं, तसं आजवर कोणत्याही कादंबरीमुळे, नकाशामुळे किंवा मोबाइलमुळे दुखलं नव्हतं. मोबाइलला निदान वाचता तरी येतं!

धम्मप्रियानं मला मिटलं आणि शंभर पानी एक नवी वही काढली. पुढचे चार दिवस त्या वहीचेच होते. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, दारात बसून केस विंचरताना ती आईला विचारी आणि वहीत लिही. मी खाटेवर पडून ऐकायचो.

“स्टँड अप? त्यालाबी टाक लावायचा?”

“उभं राहून टाक, असं कोण म्हणतं? उभी ऱ्हाय. तिथं नुस्तं वर.”

मग वहीत दोन रांगा झाल्या, एक ‘वर’ची आणि एक ‘टाक’ची. ‘गिव्ह अप’ टाकमध्ये गेला: सोडून टाक. मी ‘स्पीक अप’ची वाट पाहत होतो. तो दोन्हींत बसणार नाही अशी माझी खात्री होती. सरजाबाई म्हणाल्या, “आवाज चढव.” तोही वरच्या रांगेत जाऊन बसला. शेवटची आशा ‘टाइम इज अप’वर होती. “वेळ संपली,” धम्मप्रियानं माझा अर्थ सांगितला. सरजाबाईंनी पिठाचा हात झटकला. “घटका भरली म्हण.” हा कुठल्याच रांगेत बसत नव्हता, तरी पोरीनं त्याला वहीत वेगळी चौकट आखून दिली. माझ्या पानावर मात्र साधी रेघसुद्धा नव्हती.

आता मनातलं सांगून टाकतो. (बघा, माझ्याही तोंडी टाक बसला!) मला त्या वहीचं वाईट व्हावंसं वाटत होतं. तिच्यावर चहा सांडावा, शेळीनं तिला चावावं, ती एसटीत राहून जावी. सरजाबाईंचं तर कौतुक मला ऐकवत नव्हतं. त्या दिवसांत मला कोणी उघडलं असतं, तरी मी नीट पान दिलं नसतं.

शनिवारी सकाळी धम्मप्रिया घाईत निघाली. गावातल्या महांतेशची काळी-पिवळी जीप रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. तिनं पर्स घेतली, डबा घेतला, आईच्या पाया पडली आणि पळाली. वही माझ्या अंगावर तशीच राहिली.

मी पाहिलं. मला हाक मारता येत नाही, हे खरं. पण येत असती तरी मी मारली नसती, हेही खरंच. राहा इथेच, मी वहीला म्हणालो, आता कळेल जाडजूड असण्याचं मोल.

थोड्या वेळानं सरजाबाई आत आल्या आणि त्यांना वही दिसली. त्या तशाच अनवाणी रस्त्यापर्यंत धावल्या. जीप गेली होती. परत येऊन त्या वही मांडीवर घेऊन बसल्या. एक पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “काय काय लिवलंय गं तुझ्यात?” त्या वहीला म्हणाल्या. मघाचा माझा आनंद तोंडात कडू झाला.

अकराच्या सुमाराला त्यांचा बटणांचा छोटा फोन वाजला. त्याचा आवाज इतका मोठा, की खाटेवरून मला सगळं ऐकू येई.

“माय, वही घरी राहिली का गं?”

“हाव. माझ्या मांडीवर हाय.”

“पंधरा मिनिटांनी माझा पाठ आहे. दोन्ही रांगा एकात एक मिसळायल्यात, काहीच आठवंना. पहिल्या पानावरचं तेवढं…” आपण कोणाला वाचायला सांगतोय, ते तिच्या ध्यानात आलं असावं.

सरजाबाईंनी वहीतल्या ओळींकडे पाहिलं. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यातली सगळी अक्षरं उपसून कोणालातरी देऊन टाकावीशी वाटली.

मग सरजाबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली.

“धम्मे, त्या वहीत जे हाय ते म्याच बोललेलं हाय न्हवं?”

“हाव माय.”

“मंग वही कशाला पायजे? तू इंग्रजीत इचार, म्या सांगते.”

“माय…”

“इचार लवकर. घटका भरून राहिली.”

“ईट अप?”

“खाऊन टाक.”

“क्लीन अप?”

“झाडून टाक.”

“गेट अप?”

“ऊठ. तिथं टाक न्हाई, तिथं वर.”

एकेक करत पंधरा-सोळा झाले. एकही चुकला नाही. चार दिवस कानावर पडलेले इंग्रजी शब्दही त्यांना आता ओळखू येत होते. शेवटी पलीकडून पोरगी हसली तेव्हा सरजाबाईंनी फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. वही आणि मी, दोघेही खाटेवर पडून होतो. त्या वीस मिनिटांसाठी आमच्यापैकी कोणाचीच गरज नव्हती.

संध्याकाळी धम्मप्रिया जीपमधून उतरली ती ओरडतच. “माय, सोमवारपासून बोलावलंय!”

तिनं पोरांना विचारलं होतं, तुमची आई घरी कसं म्हणते? पूर्णपणे दूध पी म्हणते का? सगळा वर्ग ओरडला होता, “पिऊन टाक!” मंजुषा मॅडमनी शेवटी विचारलं, “आणि अप-डाऊन? सापडलं का कोशात?”

“मग तू काय म्हणलीस?”

“म्हणलं, कोशात नाही मॅडम, पण तुमच्या शाळेतले निम्मे सर रोज तेच करतात.” या वेळी मॅडमही हसल्या होत्या.

हातपाय धुऊन तिनं मला उघडलं आणि निळं बॉलपेन काढलं. माझ्या समासात पेन! मी अंग चोरलं. ‘पूर्णपणे’च्या शेजारी तिनं लिहिलं: ‘टाक. जसे, खाऊन टाक. (सांगणार: सरजाबाई)’. त्याखाली ‘अप-डाऊन करणे’ आणि त्याचा अर्थ. मग तिनं आईचं बोट धरून त्या निळ्या ओळीवरून फिरवलं. “हे तुझं नाव, माय. पप्पांच्या पुस्तकात.” सरजाबाईंनी त्या ओळीवरून बोट पुन्हा एकदा फिरवलं. धम्मप्रियानं मला नवा कागद घातला आणि सन्मानानं सर्वांत वरच्या फळीवर, गुरुजींच्या फोटोशेजारी ठेवलं.

सोमवारी ती शाळेत गेली. पर्समध्ये वही घेऊन गेली आणि मी पुन्हा थोडा जळलो. स्वभाव एका दिवसात जात नाही.

दुपारी घरात कोणी नव्हतं. सरजाबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढून मला खाली काढलं आणि दारातल्या उजेडात मांडीवर घेतलं. त्यांना त्यांची ओळ पाहायची होती. पण ती कोणत्या पानावर आहे, हे कसं कळणार? ‘यू’ कुठे येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी पहिलं पान उघडलं आणि निळी शाई शोधायला सुरुवात केली. बोट ओलं करून एक पान, मग दुसरं, मग तिसरं. चिकटलेली पानं त्या नखानं हळूच सोडवत. मध्ये शेळी ओरडली, तिला पाणी पाजून आल्या आणि जिथे थांबल्या होत्या तिथून पुन्हा सुरुवात केली. ‘यू’ माझ्यात फार शेवटी येतो. ऊन उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा त्यांना निळी ओळ सापडली. त्यांनी बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हटलं, “खाऊन टाक. सरजाबाई.”

मित्रांनो, शब्दकोश कोणी सलग वाचत नाही. अडलेला शब्द बघतात आणि मिटतात. गुरुजींनीही माझी निम्मी पानं कधी उघडली नव्हती. एवढ्या आयुष्यात पहिल्या पानापासून एकही पान न गाळता माझ्यातून चालत आलेली व्यक्ती एकच, आणि तिला वाचता येत नाही. तिच्यावर मी जळलो होतो.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, तर त्याला पुसा, वाळवीपासून जपा, फॅनखाली ठेवू नका. पण मान द्यायचा म्हणून फार वरही ठेवू नका. कोणाला तरी स्टुलावर चढावं लागतं.